भयाचें भांडवल

चित्रपटकलेचा नाद लागलेल्या आपल्याकडील तरुण मंडळींत अलीकडे एक समजूत पक्की होऊन बसलेली दिसते. ज्याच्याजवळ पैसा नाहीं, नांवाजलेले नट नाहींत व पाठीशीं कोणी धनिक निर्माता नाहीं, त्यानें पहिल्या प्रयत्नास भयपट हातीं घ्यावा, अशी ती समजूत आहे. ऐतिहासिक चित्रपटास किल्ले, घोडे आणि पोषाख लागतात. प्रेमकथेस देखणीं माणसें व गोड गळे लागतात. भुतास मात्र एक पडका वाडा, एक कंदील आणि एक अंधारी रात्र पुरते, असा हा हिशेब. त्यांत आतां खिशांतल्या फोनवरहि बऱ्यापैकीं चित्रण करतां येऊं लागल्यामुळें हा हिशेब अधिकच सोपा वाटतो. घरच्या माणसांकडून उसने घेतलेले पैसे, मित्रांचे फुकट घेतलेले श्रम आणि सुट्टीचे चार दिवस एवढ्या सामग्रीवर भयपट सुरू होतात. त्यांतले कित्येक अर्ध्यावरच थांबतात. जे पुरे होतात त्यांतल्या बऱ्याचशांपुढें बसलेला प्रेक्षक भिण्याऐवजीं हंसतो.

या समजुतीस दुजोरा देणारी टीकाहि कमी नाहीं. कांहीं हजार डॉलरांत झालेल्या अमुक चित्रपटानें कोट्यवधि मिळविले, पैसा नव्हता म्हणूनच दिग्दर्शकाची प्रतिभा जागी झाली, दारिद्र्य हीच कलेची जननी, अशा आशयाचीं वाक्यें आम्हीं इतक्या वेळां वाचलीं आहेत कीं तीं आतां सुभाषितांसारखीं तोंडांत बसलीं आहेत. आमच्या मतें हा विचार अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेंच तो अधिक घातक आहे. पैशाची उणीव कलेस केव्हां उपकारक होते, केव्हां होत नाहीं, आणि त्या उणिवेची किंमत अखेर कोण भरतो, हे तीन प्रश्न वेगवेगळे काढल्याशिवाय या विषयाचा निवाडा होणार नाहीं.

आरंभीं एका जुन्या विवेचनाची आठवण करून देणें अवश्य आहे. ग्रीक शोकांतिकेचा विचार करतांना ॲरिस्टॉटलनें भय उत्पन्न करण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक, रंगभूमीवर दिसणाऱ्या देखाव्याचा; दुसरा, घटनांच्या रचनेचा. दुसरा मार्ग त्यानें श्रेष्ठ ठरविला, कारण त्या मार्गानें जाणाऱ्या नाटकाची हकीकत नुसती कानांवर पडली तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. पहिल्या मार्गाविषयीं त्याचें म्हणणें असें कीं, त्यांत कवीची कला थोडी आणि नाटकाच्या बाह्य खर्चावर भिस्त अधिक. देखाव्याच्या बळावर भयंकराऐवजीं नुसतें विचित्र तेवढें जे दाखवितात, त्यांचा शोकांतिकेशीं कांहीं संबंधच नाहीं, असेंहि तो बजावतो. तेवीसशें वर्षांपूर्वींच्या या विवेचनांत आजच्या अल्पभांडवली भयपटाचा निम्मा प्रश्न आलेला आहे. देखावा पैशानें विकत मिळतो. रचना मिळत नाहीं.

उरलेला निम्मा प्रश्न आपल्या नाट्यशास्त्रांत सांपडतो. भरतमुनींनीं आठ रसांत भयानकाची गणना केली आणि त्याची उत्पत्ति बीभत्सापासून सांगितली. रसनिष्पत्तीसाठीं विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांचा संयोग त्यांनीं आवश्यक मानला. भयपटांत भूत हा केवळ विभाव होय. प्रेक्षकाच्या मनांत भय उतरतें तें बहुतांशीं अनुभावांच्या वाटेनें: पात्राचा थरकांप, कोरडा पडलेला घसा, अर्ध्यावर तुटलेला शब्द, दाराच्या कडीवर थबकलेला हात. नवखा निर्माता आपले सारे पैसे भुताच्या मुखवट्यावर खर्च करतो आणि भिण्याचें काम मात्र शेजारच्या मित्रावर सोंपवितो. वास्तविक भुतापेक्षां भिणारा माणूस महाग असतो. रडणें, हंसणें किंवा रागावणें हौशी नटास साधून जाईल; परंतु समोर कांहींच नसतां भिणें, आणि तेंहि रात्रीं तीन वाजतां, सहाव्या वेळीं, पहिल्या वेळेइतक्याच खरेपणानें भिणें, ही सिद्धि सहज मिळत नाहीं.

आतां प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळूं. अल्पभांडवली भयपटाचा विषय निघाला कीं अमेरिकेंतील ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या १९६८ च्या चित्रपटाचें नांव प्रथम येतें, आणि तें योग्यच आहे. जॉर्ज रोमेरो आणि त्याचे सहकारी हे हॉलिवुडपासून दूर, पेन्सिल्व्हेनियांतील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरांत जाहिरातपट व उद्योगविषयक लघुपट तयार करीत. दहा जणांनीं प्रत्येकीं ६०० डॉलर घालून एक मंडळी उभी केली. पुढें भागीदार वाढत गेले व एकंदर खर्च सुमारें १,१४,००० डॉलरांवर गेला. शहराच्या उत्तरेस इव्हान्स सिटीजवळ पाडावयास काढलेलें एक शेतघर त्यांना मिळालें. १९६७ च्या उन्हाळ्यांत सुरू झालेलें चित्रण जाहिरातींचीं कामें सांभाळून हिवाळ्यापर्यंत चाललें. गोष्ट एका संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची आणि चित्रण अर्ध्या वर्षाचें! एकाच रात्रीचा भास इतके महिने टिकवून धरण्यास किती चिकाटी लागत असेल, याची कल्पना हें काम केलेल्यासच येईल.

या मंडळींची खरी हुशारी काटकसरींत नाहीं. विषयाच्या निवडींत आहे. त्यांनीं निवडलेलें भूत म्हणजे थडग्यांतून उठून चालूं लागलेला साधा माणूस. त्यास शिंगें नाहींत, सुळे नाहींत, उडणें नाहीं. नेहमींच्या कपड्यांतला शेजारी जरा अडखळत चालला कीं झालें. आसपासचे गांवकरी, ओळखीचे लोक व खुद्द भागीदार या भूमिकांत उभे राहिले. म्हणजे स्वस्त भूत शोधतांना त्यांच्या हातीं असें भूत आलें कीं ज्याचें सारें भय त्याच्या साधेपणांतच आहे. राक्षस दारीं आला तर माणूस भितो; परंतु ओळखीचा चेहरा अनोळखी होऊन दारीं आला तर त्याहून अधिक भितो. पैसा असता तर या भुतांना कदाचित् अधिक विद्रूप केलें गेलें असतें, आणि मग तीं केवळ बीभत्स झालीं असतीं.

रक्ताच्या ठिकाणीं चॉकोलेटचें सिरप वापरलें गेलें; कृष्णधवल चित्रांत तें रक्तासारखें दिसतें. मांसाचे तुकडे आणि आंतडीं खाटकाच्या धंद्यांतल्या एका सहकाऱ्यानें पुरविलीं. या हकीकती चवीनें सांगितल्या जातात, आणि त्या मनोरंजक आहेतहि. परंतु चॉकोलेटनें चित्रपट उभा राहिला नाहीं. तो उभा राहिला घटनांच्या रचनेवर. घरांत सात माणसें अडकलेलीं आहेत. बेन हा तरुण म्हणतो, दारें-खिडक्यांस फळ्या ठोकून वरच राहूं. हॅरी नांवाचा चिडका गृहस्थ म्हणतो, तळघरांत उतरून दार लावून घेऊं. प्रेक्षकाची सारी सहानुभूति बेनकडे जाते, कारण तो धीराचा व कर्ता आहे. हॅरी भित्रा व स्वार्थी आहे. आणि शेवटीं काय होतें? बेनच्या बेतानें एकेक जण मरत जातो, आणि ज्या तळघराचा त्यानें धिक्कार केला तेथेंच उतरून तो रात्रभर जगतो. सकाळीं मदतीस आलेल्या लोकांची टोळी त्यालाच प्रेत समजून गोळी घालते. ही हकीकत नुसती सांगितली तरी मनास चटका लावते. ॲरिस्टॉटलची कसोटी याहून कसोशीनें उतरणारा भयपट आमच्या पाहण्यांत थोडा.

बेनचें काम करणारा ड्युएन जोन्स हा कृष्णवर्णीय होता. त्याची निवड त्याच्या अभिनयावरून झाली. पटकथेंत वर्णाचा उल्लेख नव्हता. चित्रपट पडद्यावर आला तें वर्ष मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचें होतें. बंदुका घेतलेल्या गोऱ्या लोकांनीं एका कृष्णवर्णीय माणसाचें प्रेत आंकड्यांनीं ओढून चितेवर टाकावें, हें दृश्य त्या वर्षीं अमेरिकन प्रेक्षकानें कशा नजरेनें पाहिलें असेल हें सांगावयास नको. हा शेवट हलत्या चित्रांत दाखविलेलाच नाहीं. वर्तमानपत्रांत छापल्यासारखीं दाणेदार, स्थिर छायाचित्रें एकामागून एक येतात आणि चित्रपट संपतो. सबंध चित्रपटांत याहून कमी खर्चाचा भाग शोधूनहि सांपडणार नाहीं, आणि याहून भयानकहि सांपडणार नाहीं. येथें उणीव आणि आशय एकच होऊन गेलीं आहेत.

हा चित्रपट निर्दोष आहे असें मात्र कोणी समजूं नये. बार्बरा हें पात्र पहिल्या धक्क्यानंतर जें खिळून बसतें तें जवळजवळ शेवटपर्यंत. एवढ्या मोठ्या भूमिकेस लेखकांनीं कांहींच करावयास दिलेलें नाहीं. संगीत विकत मिळणाऱ्या तयार साठ्यांतून घेतलेलें असल्यानें तें कित्येक ठिकाणीं प्रसंगाच्या पुढें धांवतें. कांहीं नटांच्या बोलण्यांत पाठांतर दिसतें. हे दोष दारिद्र्याचेच आहेत, आणि ते दारिद्र्याचे आहेत म्हणून गुण ठरत नाहींत. १९९० सालीं हीच गोष्ट रंगांत व कितीतरी पट अधिक खर्चानें पुन्हा चित्रित झाली. तींत बार्बरेस कर्तृत्व मिळालें, रंगभूषा पुष्कळ सुधारली. परंतु पहिल्या चित्रपटांतली वर्तमानपत्री रुक्षता गेली आणि तिच्याबरोबर भयाचा मोठा भागहि गेला. पैशानें दोष गेले, गुण वाढला नाहीं, एवढाच निष्कर्ष या तुलनेवरून निघतो. पैसा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष त्यांतून काढणें म्हणजे तर्काची ओढाताण होय.

दुसरें उदाहरण याहून लहान व आमच्या दृष्टीनें याहून हृद्य आहे. कॅन्सस संस्थानांतील लॉरेन्स या गांवीं शिक्षणविषयक व औद्योगिक लघुपट करणाऱ्या एका कंपनींत हर्क हार्व्ही हा दिग्दर्शक नोकरीस होता. यूटा संस्थानांतील खाऱ्या सरोवराच्या कांठीं ‘सॉल्टेअर’ नांवाची करमणुकीची एक भव्य इमारत वापराविना ओसाड पडलेली त्यानें पाहिली आणि त्या जागेवरून त्यास चित्रपट सुचला. सुमारें ३३,००० डॉलर, तीन आठवड्यांचें चित्रण आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके साहाय्यक, एवढ्यावर १९६२ सालीं ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ तयार झाला. नदींत कोसळलेल्या मोटारींतून वांचलेली एक तरुणी दूरच्या गांवीं चर्चमध्यें ऑर्गन वाजविण्याची नोकरी धरते आणि एक पांढरा फटक चेहरा तिच्या मागें लागतो. हा चेहरा स्वतः हार्व्हीचाच होता. तेवढाच एका नटाचा खर्च वांचला.

या चित्रपटांत ध्वनीचा जो उपयोग केला आहे तो प्रत्येक होतकरू दिग्दर्शकानें अभ्यासण्यासारखा आहे. कमी पैशांच्या चित्रपटाचें पितळ सर्वांत आधीं उघडें पडतें तें आवाजांत. अंधुक चित्र प्रेक्षक क्षमा करतो, किंबहुना भयपटांत तें त्यास आवडतेंहि. परंतु ओठ आणि शब्द यांचा मेळ नसला, किंवा रानांतल्या पात्राचा आवाज खोलींतून आल्यासारखा वाटला, कीं त्याचा विश्वास उडतो. ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’मध्येंहि पुष्कळसे संवाद मागाहून चढविलेले आहेत व ते उपरे वाटतात. परंतु नायिका स्वतःच या जगांत उपरी आहे. शेवटीं नदींतून वर काढलेल्या मोटारींत तिचें प्रेत सांपडतें. दोनदां तर सर्व आवाज एकदम नाहींसे होतात. ती दुकानांत व रस्त्यावर बोलत राहते आणि कोणास ती दिसत नाहीं कीं ऐकूं येत नाहीं. शांततेस पैसा पडत नाहीं. मात्र ती कोठें घालावी हें कळण्यास जें लागतें तें उसनें मिळत नाहीं.

या दोन उदाहरणांवरून पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. उणीव आणि भय यांचें मूळ एकच असेल तेव्हांच उणीव कलेस उपकारक होते. भूत साधें आहे, कारण साधेपणाच भयंकर आहे. आवाज उपरा आहे, कारण नायिका उपरी आहे. कथा एक मागते आणि पैसा दुसरेंच देऊं शकतो, अशी स्थिति असली तर मात्र प्रतिभेची कितीहि धडपड केली तरी ठिगळ दिसतेंच.

ठिगळ दिसलें म्हणजे काय होतें हें आपल्या साहित्यशास्त्रानें नेमकें सांगून ठेविलें आहे. अनौचित्यासारखें रसभंगाचें दुसरें कारण नाहीं, असें आनंदवर्धनांचें मत आहे. आणि अनौचित्यामुळें कोणताहि रस हास्याकडे कलतो, असें अभिनवगुप्त म्हणतात. ही गोष्ट भयानकास जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कोणत्याहि रसास पडत नाहीं. शृंगार थोडा फसला तर प्रेक्षक कंटाळतो. वीर फसला तर जांभई देतो. भयानक फसला कीं तत्क्षणीं हंसतो, आणि एकदां हंसलेला प्रेक्षक पुढें काय वाटेल तें केलें तरी भीत नाहीं. म्हणून भयपटाचें खरें भांडवल प्रेक्षकाचा विश्वास हें होय. तें चित्रपटाच्या आरंभीं त्याच्याकडून उसनें मिळालेलें असतें. मुखवट्याची एक सुटलेली कड, वाऱ्याशिवाय हालणारा एक पडदा, दोन दृश्यांमध्यें बदललेला एक सदरा एवढ्यानें तें बुडतें आणि बुडालें कीं परत मिळत नाहीं.

याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच घडलेलें आहे. मुंबईच्या रामसे बंधूंनीं ‘दो गज जमीन के नीचे’ हा १९७२ चा हिंदी चित्रपट महाबळेश्वरास नेऊन अत्यल्प खर्चांत चित्रित केला. भावांनीं कामें वांटून घेतलीं होतीं: कोणी दिग्दर्शन पाही, कोणी कॅमेरा, कोणी ध्वनि, कोणी पटकथा. घर हाच स्टुडिओ, अशी ही व्यवस्था. तिच्यांतल्या उद्योगाचें कौतुक करावें तितकें थोडें. त्या थंड हवेच्या गांवचें धुकें, दाट झाडी आणि जुने बंगले यांत त्यांना फुकट मिळालेला विभाव अस्सल होता. ‘पुराना मंदिर’ या १९८४ च्या चित्रपटास तर विलक्षण लोकप्रियता लाभली. परंतु भयपट चालावयाचा तर त्यांत गाणीं हवींत, विनोदी नटाची जोडकथा हवी, अशी बाजाराची मागणी होती, आणि ती त्यांनीं मान्य केली. परिणाम असा झाला कीं, धुक्यानें जमविलेलें भय दर पंधरा मिनिटांनीं विदूषकाच्या हातीं सोंपविलें गेलें. येथें दोष दारिद्र्याचा म्हणतां येणार नाहीं. जो विश्वास पैशाशिवाय मिळाला होता तो बाजाराच्या भीतीनें खर्चून टाकला गेला.

आपल्या भाषेंत भयकथेची परंपरा चांगली सकस आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनीं वाचकांच्या दोन पिढ्यांस रात्रीं दिवा मालवूं दिला नाहीं. परंतु गद्यांतलें भूत वाचक आपल्या पदरच्या कल्पनेनें उभें करतो. पडद्यावरचें भूत निर्मात्यास उभें करून द्यावें लागतें. म्हणून कथा वाचून भ्यालेला तरुण तिचा चित्रपट करूं जातो तेव्हां फसतो. त्यापेक्षां आपल्या लोकसमजुतींतल्या निराकार भुतांकडे त्यानें पाहावें, असें आम्ही सुचवूं. कोंकणांत व देशावरहि ज्यास ‘चकवा’ म्हणतात त्याचें उदाहरण घ्या. चकव्यास रूप नाहीं. माणूस रानांत वाट चुकतो आणि रात्रभर चालून पुन्हा त्याच झाडापाशीं येतो, एवढाच त्याचा पराक्रम.

गंमत अशी कीं, ज्या चित्रपटानें स्वस्त भयपटांच्या हव्यासास सर्वांत अधिक खतपाणी घातलें तो अमेरिकन चित्रपट म्हणजे वस्तुतः चकव्याचीच गोष्ट आहे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या १९९९ च्या चित्रपटांत तीन तरुण मेरीलँडच्या रानांत चेटकिणीचा माग काढीत जातात, दिवसभर चालून जेथून निघाले तेथेंच येतात आणि अखेर नाहींसे होतात. चेटकीण एकदांहि दिसत नाहीं. १९९७ च्या ऑक्टोबरांत आठ दिवस त्या तीन नटांनींच कॅमेरे हातांत धरून चित्रण केलें. संवाद त्यांनींच आयत्या वेळीं रचले. डॅनिएल मायरिक व एडुआर्डो सँचेझ हे दिग्दर्शक त्यांना चिठ्ठ्यांतून सूचना देत, रात्रीं तंबूभोंवतीं आवाज करीत आणि दिवसेंदिवस त्यांचें खाणें कमी करीत. अशा रीतीनें मिळालेला थकवा, चीड आणि भीति अस्सल होती. भिणारा माणूस महाग असतो असें आम्हीं वर म्हटलें; येथें तो अभिनयानें न मिळवितां उपासानें व जागरणानें मिळविला गेला.

आणि येथेंच तिसरा प्रश्न उभा राहतो: उणिवेची किंमत कोणी भरली? नटांचीं खरीं नांवेंच पात्रांना दिलेलीं होतीं. हे तिघे खरोखरच बेपत्ता झाले आहेत, असा देखावा जाहिरातींत केला गेला. त्यांतल्या तरुणीच्या आईस लोकांचीं सांत्वनपर पत्रें आलीं. वितरकांनीं हा चित्रपट सुमारें अकरा लाख डॉलरांस विकत घेतला व जगभर त्याचें उत्पन्न चोवीस कोटि डॉलरांच्या वर गेलें. ज्यांनीं तो लिहिल्यासारखा बोलून दाखविला, चित्रित केला आणि अंगावर सोसला, त्या तिघांनीं २०२४ सालीं जाहीर निवेदन काढून आपल्या श्रमांचा न्याय्य मोबदला मागितला. स्वस्त चित्रपट स्वस्त कां होतो, याचें हें एक उत्तर आहे. पुष्कळदां तो स्वस्त नसतोच; त्याचा खर्च हिशेबाच्या वहींत न लिहितां कोणाच्या तरी अंगावर लिहिलेला असतो.

रोमेरोच्या मंडळींसहि हा अनुभव दुसऱ्या बाजूनें आला. चित्रपट घेऊन ते दारोदार फिरले तेव्हां एकानें तो रंगीत नाहीं म्हणून नाकारला, दुसऱ्यानें शेवट गोड करण्याची अट घातली. ती अट त्यांनीं मानली नाहीं हें त्यांचें धैर्य. शेवटीं एक वितरक मिळाला; त्यानें पहिलें नांव बदलून नवें नांव घातलें, आणि नांवाची पाटी बदलतांना त्याखालील स्वामित्वहक्काची ओळ गळून गेली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें ती ओळ नसणें म्हणजे हक्क नसणें. एका ओळीपायीं चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. वाटेल त्यानें तो दाखवावा व वाटेल त्यानें विकावा. १९९९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहांत त्याची निवड झाली, परंतु जगभर झालेल्या विक्रींतून करणाऱ्यांच्या हातीं फारच थोडें पडलें. हर्क हार्व्हीची कथाहि अशीच. त्याचे वितरक बुडाले, पैसा आला नाहीं, तो पुन्हा लघुपटांच्या नोकरीस लागला. १९८९ सालीं त्याचा चित्रपट पुन्हा प्रदर्शित होऊन नांवाजला गेला तेव्हां मध्यें सत्तावीस वर्षें गेलीं होतीं. त्यानें दुसरा कथापट केला नाहीं. दारिद्र्य ही कलेची जननी म्हणणाऱ्यांनीं, तिच्या पोटीं येऊं न शकलेल्या या दुसऱ्या चित्रपटाचाहि विचार करावा.

यावर कोणी असें म्हणेल कीं, अशा गोष्टी मनांत आणल्या तर कोणी तरुण चित्रपट करणारच नाहीं. पैसा साठेपर्यंत तो म्हातारा होईल. हा आक्षेप विचारांत घेण्यासारखा आहे. तरुणांनीं थांबावें असें आमचें म्हणणें नाहीं. हार्व्हीनें थांबून पैसा साठविला असता तर सॉल्टेअरची ओसाड इमारत त्याच्याकरितां वाट पाहत उभी राहिली नसती. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कामास आरंभ करण्यापूर्वीं तीन गोष्टींचा निकाल लावावा. आपल्या कथेंतलें भय आपल्याजवळ जें आहे त्यांतूनच निघतें कीं आपल्याजवळ नाहीं त्याची नक्कल करतें, ही पहिली. दुसरी, आवाज आणि भिणारीं माणसें यांवर पैशाचा व वेळाचा पहिला वांटा खर्च करण्याची तयारी आहे कीं नाहीं. तिसरी, जे फुकट राबणार आहेत त्यांना उत्पन्नांतला वांटा कोणता, आणि चित्रपटाचा हक्क कोणाचा, हें कागदावर लिहून सह्या झाल्या आहेत कीं नाहींत. मैत्रीत कागद कशाला, असें आपल्याकडे म्हणतात. कागद नसल्यानेंच मैत्री तुटते हें मात्र मागाहून कळतें.

टीकाकारांसहि एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. चित्रपट किती थोड्या पैशांत झाला हें सांगून त्याची स्तुति करण्याची रीत आपण सोडावी. कवितेचें परीक्षण करतांना ती किती किंमतीच्या कागदावर लिहिली हें आपण विचारीत नाहीं. खर्चाचा आंकडा सांगावयाचाच असेल तर त्याबरोबर तो कोणी व कसा सोसला हेंहि सांगावें. नाहीं तर आपल्या कौतुकाच्या भरांत पुढच्या पिढीस आपण एवढेंच शिकवूं कीं मित्रांचे श्रम, नटांची झोंप आणि घरच्यांची बचत या मोफत मिळणाऱ्या वस्तु आहेत.

प्रेक्षकाचा विश्वास हें भयपटाचें भांडवल आहे असें आम्हीं म्हटलें. सहकाऱ्यांचा विश्वास हें त्याच भांडवलाचें दुसरें अंग होय. पहिला बुडाला तर प्रेक्षक हंसतो, आणि दुसऱ्या चित्रपटाच्या वेळीं तें हंसूं तो विसरतोहि. दुसरा बुडाला तर दुसऱ्या चित्रपटास हात लावावयास कोणी येत नाहीं. ज्या तरुणांजवळ आज कॅमेरा, उत्साह आणि एखादी चांगली अंधारी रात्र आहे, त्यांनीं हीं दोन्ही खातीं पहिल्या दिवसापासून वेगवेगळीं व नीट लिहून ठेवावींत.